प्रथम प्रसूतिपूर्व भेटीतील परिचर्या-मूल्यांकन व नियोजन

गरोदर स्त्री आरोग्यसेवेकडे पहिल्यांदा येते, तेव्हा परिचारिकेने किंवा आरोग्यसेविकेने तिची माहिती घेणे, तपासणी करणे, त्यातून तिच्या गरजा व धोके ओळखणे आणि पुढील काळजीचा आराखडा तिच्याशी बोलून ठरवणे, या कामाचा समावेश प्रथम प्रसूतिपूर्व भेटीतील परिचर्या-मूल्यांकन व नियोजनात होतो. भारतात ही नोंदणी १२ आठवड्यांच्या आत आणि तिच्यासह किमान चार तपासण्या अपेक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ भेटींची शिफारस केली. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात हे काम मुख्यतः उपकेंद्रातील आरोग्यसेविका करते. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या भागाला प्रशिक्षित परिचर्येची ओळख आहे.

पाळी चुकल्याची बातमी बहुधा गावातील आशा स्वयंसेविकेला आधी कळते आणि ती निश्चय किटने लघवीची चाचणी करून देते. तरीही तीन महिने भरल्याशिवाय बाहेर बोलू नये, ही रीत अनेक घरांत पाळली जाते व नोंदणी लांबते. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात ती नळी, शेवटच्या पाळीपासून सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते, त्यामुळे तिच्यातील दोष टाळणारे फॉलिक ॲसिड तीन महिने भरल्यावर सुरू केले, तर त्या कामासाठी त्याचा उपयोग उरत नाही. घरच्यांची भावना न दुखावता ही गोष्ट सासूबाईंना समजावून सांगणे हा परिचर्येचाच भाग आहे.

या भेटीचा गाभा म्हणजे माहिती घेणे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस व नऊ महिने मिळवले, की प्रसूतीची संभाव्य तारीख निघते. १० ऑगस्टला पाळी आली असेल, तर ती १७ मे येते. मात्र पुष्कळ स्त्रियांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. ‘बेंदरानंतर चार दिवसांनी’ असे उत्तर मिरज किंवा जत तालुक्यात मिळाले, तर कोणता बेंदूर हे विचारावेच लागते, कारण कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येतो व तेवढ्याने हिशेब महिनाभर चुकतो. अनुभवी आरोग्यसेविका भिंतीवरचे कॅलेंडर काढून स्त्रीसमोरच दिवस मोजते. तरीही शंका राहिली किंवा पाळी अनियमित असली, तर लवकर केलेल्या सोनोग्राफीवर भिस्त ठेवावी लागते.

आधीची बाळंतपणे, गर्भपात, सिझेरियन, मृत जन्म, रक्तस्राव, झटके, तसेच मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, क्षय व थायरॉइडचे आजार यांची क्रमाने विचारणा होते. पतीशी रक्ताचे नाते आहे का, हेही येथे विचारले जाते, कारण मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल या भागात आहे. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी स्त्री ‘मिश्री लावता का?’ याला सहज ‘हो, सकाळ-संध्याकाळ’ म्हणते, आणि मिश्रीतील तंबाखूने बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतोच.

काही प्रश्न एकांतातच विचारावेत. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा जाऊबाईंना बाहेर बसवून घरातील मारहाण, मनावरचा ताण व मुलासाठीचा दबाव यांची चौकशी करणे आवश्यक आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. आधीच्या दोन मुली सांगताना जी आवाज खाली आणते, तिला गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे एवढे सांगून भागत नाही. तिच्या बाजूने घरात कोण बोलेल, याचाही शोध घ्यावा लागतो.

शारीरिक तपासणीत उंची, वजन, रक्तदाब, डोळ्यांच्या पापणीचा आतला रंग, पायांवरील सूज व पोट पाहतात. १४० सेंमीपेक्षा कमी उंची आणि १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब ही जोखमीची चिन्हे आहेत. हिमोग्लोबिन, रक्तगट व आर.एच., लघवीतील प्रथिने व साखर, एच.आय.व्ही., सिफिलिस आणि कावीळ-ब यांच्या तपासण्या होतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह मानतात. शर्करा त्याहून कमी असेल तर २४ ते २८ आठवड्यांत चाचणी पुन्हा करतात.

परिचर्या-निदान हे वैद्यकीय निदानाहून वेगळे असते. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, हे वैद्यकीय निदान झाले. लोहाच्या गोळीने मळमळते म्हणून ती बंद केली, शौच काळी झाली म्हणून घरचे घाबरले, जेवणानंतर लगेच चहा होतो, ही परिचारिकेने मांडायची कारणे होत. आराखडा त्यांवर बेततात. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज, निदान १८० दिवस द्यायची असते. ती रात्री झोपताना घ्यावी, चहा तासभर आधी व नंतर टाळावा, शाळूच्या भाकरीसोबत हुलगा, मटकी किंवा घेवड्याची उसळ व वर लिंबू असावे, असे तिच्या ताटाला धरून सांगितले तर ते पाळले जाते. कॅल्शियम, जंतनाशक आणि धनुर्वात-घटसर्पाची लस यांच्या तारखाही तेव्हाच ठरतात. रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना, काहीच न टिकू देणाऱ्या उलट्या किंवा ताप आल्यास १०२ वा १०८ वर फोन करावा, हे स्त्रीकडून परत वदवून घेतात.

नियोजनाची खरी कसोटी स्थलांतरात लागते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने नोंदणी पाटण तालुक्यात आणि प्रसूती आटपाडीत, असे सर्रास घडते. कृष्णाकाठच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील स्त्रिया तर पाचवा-सहावा महिना उलटल्यावर प्रथमच दिसतात. त्यांच्याबाबत एकाच भेटीत शक्य तेवढ्या तपासण्या उरकून, टोळीच्या मुकादमाकडून पुढचा मुक्काम विचारून तेथील आरोग्यसेविकेला कळवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. माता व बाल संरक्षण कार्डावर सर्व आकडे व जोखमीची नोंद ठळक अक्षरांत करून ते स्त्रीच्या हाती देतात, आणि माहेरच्या गावाचे नाव, तेथील आशाताईचा संपर्क व प्रसूतीसाठी निवडलेले रुग्णालय याच भेटीत लिहून ठेवतात.