कोथिंबिरीची वडी दगा का देत नाही

घरी पाहुणे यायचे असले की जेवणाआधी काय ठेवायचे, हा प्रश्न चवीपेक्षा वेळेचा जास्त असतो. कांदाभजी कोणाला आवडत नाहीत? परंतु भजीचे पीठ आधी भिजवून ठेवले तर कांद्याला पाणी सुटून ते सैल होते, भजी आधी तळून ठेवली तर ती मऊ पडतात, आणि ऐनवेळी तळायची म्हटली तर पाहुणे बैठकीत आणि यजमान कढईपाशी अशी स्थिती होते. कोथिंबिरीच्या वडीचे तसे नाही. ती आदल्या दिवशी उकडून ठेवता येते, पाहुणे आल्यावर दहा मिनिटांत तळता येते, आणि बेताने केली तर सहसा फसत नाही. भजीमध्ये शिजणे, फुगणे आणि खरपूस होणे या तिन्ही क्रिया त्याच दोनचार मिनिटांत, एकाच तेलात उरकाव्या लागतात. वडीमध्ये शिजण्याचे काम वाफेकडे आणि कुरकुरीत करण्याचे काम तेलाकडे अशी वाटणी असते, आणि या दोहोंच्या मधला थंड होण्याचा काळही वडी घडवण्याच्या कामी येतो. तिचा भरवसा आहे तो या मधल्या काळामुळे.

बेसनात वजनाच्या सुमारे 20 ते 22 टक्के प्रथिने असतात आणि निम्म्याच्या आसपास स्टार्च असतो. गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारे ग्लुटेन त्यात नसते, त्यामुळे कच्चे पीठ कितीही मळले तरी त्याला कणकेसारखा ताण येत नाही. वडीला आकार येतो तो उष्णतेमुळेच. म्हणूनच न उकडलेले पीठ थेट तेलात सोडले की ते पसरते किंवा सुटते.

दोन वाट्या बारीक चिरलेल्या कोथिंबिरीला साधारण एक वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचे पीठ, हे बहुतेक घरांत चालणारे प्रमाण आहे. त्यात तीळ, हळद, हिंग, धने-जिरे पूड, आले-मिरचीचे वाटण, थोडी चिंच किंवा लिंबू आणि चवीपुरता गूळ पडतो. गोंधळ होतो तो पाण्याच्या बाबतीत. कोथिंबिरीच्या पानांत 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि मीठ लागताच पेशींमधले पाणी परासरणाने बाहेर येऊ लागते. चिरलेल्या कोथिंबिरीला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवले तर परातीच्या तळाशी हिरवट पाणी जमलेले दिसते. पीठ भिजवायला पुष्कळदा तेवढेच पुरते. ज्यांनी घाईने वरून पाणी ओतले त्यांचे पीठ पाच मिनिटांनी आपोआप सैल होते, मग त्यात आणखी बेसन पडते, आणि शेवटी वडी कोथिंबिरीची न राहता बेसनाची होते. धुतलेली जुडी फडक्यावर पसरून कोरडी करून घ्यावी, असे जुन्या सुगरणी सांगतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

वड्या हलक्या व्हाव्यात म्हणून काहीजण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. तापल्यावर सोड्यापासून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते, जे सोड्याहून अधिक अल्कधर्मी असते. पिठात पुरेसे आंबट नसेल तर त्याची गाठ हळदीतील कर्क्युमिनशी पडते आणि वडीवर तांबडे डाग उमटतात. ते अपायकारक नसतात, पण पाहुण्यांपुढे ठेवताना संकोच वाटतो. माझ्या मते सोड्याची गरज मुळातच नाही. दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घातले की ते पिठाच्या कणांभोवती पातळ थर धरते, कण एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि वडी खुसखुशीत होते. आंबटाची मात्र एक किंमत असते. आम्लाच्या सान्निध्यात तापल्यावर क्लोरोफिलच्या रेणूतला मॅग्नेशियम निघून जातो आणि त्याची जागा हायड्रोजन घेतो. हिरवीगार कोथिंबीर उकडल्यावर शेवाळी रंगाची दिसते ती यामुळे.

आता वाफेकडे वळू. पाण्याची वाफ थंड पिठावर जमून पुन्हा पाणी होते तेव्हा दर ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते, म्हणून तितक्याच तापमानाच्या गरम हवेपेक्षा वाफ पदार्थाला कितीतरी लवकर तापवते. साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान बेसनातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची आतली शिस्तबद्ध रचना मोडते आणि त्यांतून ॲमायलोज नावाच्या लांब साखळ्यांचे रेणू बाहेर झिरपतात. या क्रियेला जिलेटिनायझेशन म्हणतात. त्याहून वर, 90 अंशांच्या आसपास, हरभऱ्यातली मुख्य प्रथिने उलगडून एकमेकांत गुंततात. कच्च्या बेसनाला जो कच्चट वास येतो, त्यामागे लायपॉक्सिजनेज या विकराने पिठातल्या स्निग्धांशावर केलेली क्रिया असते. वाफेच्या उष्णतेत हा विकरही निकामी होतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे 1350 मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी 95-96 अंशांनाच उकळते, तरी एवढ्या कामाला ते पुरते, फक्त चार मिनिटे जास्त द्यावी लागतात.

उंडे किती जाडीचे वळायचे, याला तितकेच महत्त्व आहे. उष्णता पृष्ठभागापासून मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाडीच्या उंड्याला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. चार सेंटीमीटर जाडीचा उंडा पंधरा ते वीस मिनिटांत मध्यापर्यंत शिजतो. हौसेने मनगटाएवढे उंडे वळले तर वीस मिनिटांनी बाहेरून घट्ट दिसणारा उंडा आत पिठूळच असतो. सुरीचे टोक मध्यापर्यंत खुपसून ते कोरडे निघते का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. कुकरमध्ये उकडायचे असेल तर शिट्टी काढून ठेवावी आणि झाकणावरून गळणारे पाणी उंड्यांवर पडू नये यासाठी वर एखादे फडके किंवा ताटली घालावी.

गरम उंडा लगेच कापून पाहिला तर सुरीला लगदा चिकटतो, कापलेला भाग चकचकीत आणि ओलसर दिसतो, आणि कडा फाटतात. तोच उंडा चार-पाच तासांनी थंड झाल्यावर कापला तर चकती स्वच्छ निघते, कापलेला भाग मंद दिसतो आणि कोथिंबिरीचे तुकडे जागच्या जागी राहतात. या अवधीत बाहेर पडलेल्या ॲमायलोजच्या साखळ्या शेजारी-शेजारी येऊन पुन्हा जुळू लागतात आणि पाणी धरून ठेवणारे घट्ट जाळे तयार करतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. ॲमायलोज हे काम काही तासांत उरकते. स्टार्चचा दुसरा घटक, फांद्याफांद्यांचा ॲमायलोपेक्टिन, त्यासाठी काही दिवस घेतो. कडधान्यांच्या स्टार्चमध्ये ॲमायलोजचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे बऱ्यापैकी जास्त असते, त्यामुळे बेसनाची वडी झटपट आणि भक्कम आळते. चिकट जातीच्या तांदळात ॲमायलोज जवळजवळ नसतोच, म्हणून त्याच्या पिठाची अशी वडी पडणार नाही. शिळी पोळी किंवा पाव ज्या क्रियेमुळे कडक होतो आणि आपण नाक मुरडतो, तीच क्रिया इथे आपल्या उपयोगी पडते. ती फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे 4-5 अंशांना, विशेष वेगाने चालते. तेव्हा आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये ठेवलेला उंडा निव्वळ सोयीचा नसतो. तळणीच्या दृष्टीने तो ताज्या उंड्याहून सरस असतो.

या सोयीबरोबर एक पथ्य येते. उकडण्याने जिवाणू मरतात, पण बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू 100 अंशांतूनही तगतात आणि साधारण 5 ते 60 अंशांच्या टप्प्यात, ओलसर पिठात, पुन्हा वाढू लागतात. त्यांच्या काही प्रकारांनी निर्माण केलेले विष तर तळणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही. ‘नाहीतरी तळायचेच आहे’ म्हणून उंडे रात्रभर ओट्यावर ठेवणे हा धोका आहे, विशेषतः मे महिन्यात. वाफ निवाली की दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जावेत आणि दोन-तीन दिवसांत संपावेत.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी उंड्यांच्या बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या कापून ताटात उघड्या पसराव्यात. त्यांचा पृष्ठभाग थोडा सुकतो, तेल कमी उडते आणि गारवा कमी झाल्याने तेलाचे तापमान फार उतरत नाही. तेल 170 ते 180 अंशांच्या दरम्यान हवे. पिठाची बारीक गोळी टाकल्यावर ती तळाशी क्षणभर टेकून बुडबुडे सोडत वर आली, की तेल तयार आहे असे समजावे.

वडी तेलात पडताच तिच्याभोवती जे बुडबुडे उसळतात, ते तेल उकळण्याचे नसून वडीतल्या पाण्याच्या वाफेचे असतात. बाहेर पडणारी ही वाफ तेलाला आत शिरू देत नाही आणि आतला भाग 100 अंशांच्या वर जाऊ देत नाही. बाहेरचा जेमतेम मिलिमीटरभर थर मात्र कोरडा पडतो, त्याचे तापमान चढते, आणि 140 अंशांच्या पुढे प्रथिनांतली अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातली ती क्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई-कामील माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले. सोनेरी रंग आणि खरपूस वास ही तिचीच निष्पत्ती. आतला भाग आधीच शिजलेला असल्यामुळे तळणाऱ्याला फक्त या एका थराकडे लक्ष द्यावे लागते. बाहेरून करपली आणि आत कच्ची राहिली, असे वडीच्या बाबतीत होत नाही. रंग सोनेरी झाला की थांबावे. गडद तपकिरी होईपर्यंत तळल्यास ॲक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थही वाढतो आणि कोथिंबीर कडवट लागते.

सर्रास समजूत अशी असते की वडी तेलात जितकी जास्त वेळ राहील तितके तेल पिईल. प्रत्यक्षात तेलाचा मोठा वाटा वडी बाहेर काढल्यानंतर आत शिरतो. कढईबाहेर येताच ती निवू लागते, आतल्या वाफेचे पाणी होते, दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल बारीक छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून वडी झाऱ्यावर घेऊन कढईच्या वरच क्षणभर निथळू द्यावी आणि लगेच जाळीवर किंवा टिपकागदावर ठेवावी. तेलाने थबथबलेल्या वड्यांचा ताटात ढीग रचला की खालच्या वड्या सगळे तेल पिऊन बसतात. एकाच घाण्यात कढई गच्च भरणेही टाळावे, कारण तेल निवले तर वाफेचा जोर कमी पडतो आणि कवच धरायच्या आत वडी तेलकट होते. तव्यावर थोड्या तेलात परतलेली वडी हा चांगला पर्याय आहे, मात्र तिच्या कडा मऊ राहतात. ज्यांना कडांचा कुरकुरीतपणा हवा असतो, त्यांचे तिच्यावर समाधान होत नाही.

एखाद्या पाहुण्याने वडी नम्रपणे बाजूला सारली तर त्यात सुगरणीचा दोष असेलच असे नाही. कोथिंबिरीचा वास मुख्यतः अल्डिहाइड वर्गातल्या संयुगांचा असतो आणि काही लोकांना तो साबणासारखा वाटतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नावडीचा संबंध OR6A2 या गंधग्राहक जनुकाजवळच्या फरकाशी आढळला. आपल्याकडे असे लोक तुलनेने थोडे आहेत. त्यांच्यासाठी त्याच पिठात कोथिंबिरीऐवजी मेथी किंवा कोबी घालता येतो. कोबीला पाणी अधिक सुटते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

तळलेली वडी मात्र थांबत नाही. आतल्या ओलसर भागातले पाणी कोरड्या कवचाकडे सरकते आणि अर्ध्या-पाऊण तासात कुरकुरीतपणा जातो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास आतली वाफ कवचात येऊन ते आणखीच मऊ होते. तेव्हा चकत्या सगळ्या कापून ठेवाव्यात पण तळाव्यात एका वेळी खपतील तेवढ्याच, आणि उरलेल्या चकत्या झाकून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मोहरी-तिळाच्या फोडणीवर तव्यावर परताव्यात.