मोजायच्या जागा वाढवत नेल्या तर: फलनाच्या सरासरीची पार्श्वभूमी

फलन (फंक्शन) म्हणजे प्रत्येक संख्येला एक किंमत देणारा नियम. त्याची सरासरी काढायचं सूत्र पुस्तकात एका ओळीत उरकतं: दिलेल्या अंतरालावर, म्हणजे दोन संख्यांच्या दरम्यान, इंटिग्रेशन करा (फलनाच्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा) आणि उत्तराला अंतरालाच्या लांबीने भागा. पण सरासरीचा हा विचार इंटिग्रेशनपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या कोकणात आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) खोदकामाचं गणित येतं. खड्डा वेडावाकडा असेल तर रुंदी बऱ्याच ठिकाणी मोजायची, बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागायचं. लांबी आणि खोलीचंही तसंच. उदाहरणात लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ५, ६, ७ आणि खोली २, ३, ४ हात भरते. सरासऱ्या ११, ६ आणि ३, म्हणून घनफळ १९८ घनहात.

या नियमावर मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत म्हटलं आहे की मोजायच्या जागा जितक्या जास्त, तितकी सरासरी खऱ्याच्या जवळ आणि हिशेब तितका अचूक. यात कॅल्क्युलस (इंटिग्रेशन ज्यात येतं ती गणिताची शाखा) शोधायला जाऊ नये. जागा अमर्याद वाढवल्या तर काय, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही. पण वाट तीच आहे, आणि मला ते विधान फार मोलाचं वाटतं.

पडताळून बघा. ० ते ३ मधल्या संख्यांच्या वर्गांची सरासरी हवी आहे. फक्त दोन टोकं घेतली तर ४.५ येते. ०, १, २, ३ असे चार बिंदू घेतले तर ३.५. दर ०.१ वर एक असे ३१ बिंदू घेतले तर ३.०५. इंटिग्रेशनचं उत्तर, म्हणजे इंटिग्रल, ९; त्याला अंतरालाच्या लांबीने, ३ ने, भागलं की नेमके ३.

युरोपात हा विचार वेगाच्या प्रश्नातून आला. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी मांडलं की वेग एकसारखा वाढत असेल, तर कापलेलं अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने सतत गेल्याइतकंच असतं. फ्रान्समध्ये निकोल ओरेमने त्याची आकृती काढली: आडवा काळ, उभा वेग. स्थिर स्थितीतून सुरुवात असेल तर त्रिकोण तयार होतो, आणि त्याच पायावरच्या निम्म्या उंचीच्या आयताचं क्षेत्रफळ तेवढंच भरतं. क्षेत्रफळ न बदलता उंची सपाट करणं, ही सरासरीची सगळ्यात स्वच्छ कल्पना आहे. १६३८ मध्ये गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंसाठी तीच वापरली. पुढे न्यूटन आणि लायब्निझ यांच्यामुळे वक्राखालचं क्षेत्रफळ काढायची सर्वसाधारण रीत मिळाली.

पाया पक्का केला तो फ्रेंच गणितज्ञ कोशीने, १८२३ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानांत. त्याने अंतरालाचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची रुंदी तिथल्या फलनाच्या किमतीने गुणली आणि बेरीज घेतली. ही बेरीज म्हणजे पूर्ण रुंदी गुणिले फलनाच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या किमतींच्या दरम्यानची एक संख्या. फलन सलग असेल तर ती संख्या कुठल्यातरी बिंदूवर फलन प्रत्यक्ष घेतंच. वरच्या उदाहरणात √३ वर, म्हणजे सुमारे १.७३ वर. तुकडे बारीक होत गेले की बेरीज एका किमतीवर स्थिरावते, हे दाखवतानाही त्याने सरासरीचाच आधार घेतला. म्हणजे सरासरी हा इंटिग्रलचा नुसता उपयोग नाही, ती त्याच्या व्याख्येच्या मुळाशी आहे.

विजेच्या एसी, म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या प्रवाहाने पुढची अडचण दाखवली: पूर्ण आवर्तनावर त्याची सरासरी शून्य. म्हणून आधी वर्ग करतात, वर्गाची सरासरी इंटिग्रेशनने काढतात आणि मग वर्गमूळ घेतात. घरातले २३० व्होल्ट अशाच सरासरीचे असतात. त्या तारेतला दाब प्रत्येक आवर्तनात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो.