डायलिसिसच्या रुग्णांतील हृदयव्रण : शोध व प्रतिमाचित्रण

मूत्रपिंडे निकामी झालेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीच्या हृदयस्नायूत हळूहळू तंतुमय ऊतक साचत जाते. डॉक्टर त्याला फायब्रोसिस किंवा स्कार म्हणतात. हे व्रण टूडी इको, एमआरआय अशा तपासण्यांनी शोधणे हा हृदयरोग आणि मूत्रपिंडविकार या दोन शाखांच्या सीमेवरचा विषय आहे. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार असून त्यांतले बरेच मृत्यू हृदयाचा ताल एकाएकी बिघडून होतात. व्रणामुळे स्नायूतला विद्युतप्रवाह ठिकठिकाणी अडतो आणि अशा बिघाडाला वाट मिळते.

व्रण दोन प्रकारचे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबून झटका येऊन गेला असेल, तर व्रण त्या वाहिनीच्या हद्दीत आणि स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू झालेला दिसतो. दुसरा प्रकार विखुरलेला असतो. त्यात पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन भरत जाते आणि कोणत्याही एका जागेवर बोट ठेवता येत नाही. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, अंगात साठणारे पाणी, रक्तक्षय, वाढलेले फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांचा त्याला हातभार लागतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात डायलिसिस सुरू होतानाच सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड झालेली आढळली होती.

डायलिसिसचाही यात वाटा आहे. समजा, परळीकडच्या एका रुग्णाचे कोरडे वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ५२ किलो आहे. सोमवारी डायलिसिस झाले आणि गुरुवारी तो काट्यावर उभा राहिला, तेव्हा आकडा आला ५५.५. हे साडेतीन लिटर पाणी चार तासांत काढायचे, तर दर किलोमागे ताशी जवळजवळ १७ मिलिलिटरचा वेग होतो. ताशी १३ च्या वर मृत्यूचे प्रमाण वाढलेले निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसते. इतक्या वेगाने पाणी ओढले की रक्तदाब उतरतो, हृदयस्नायूचे काही भाग तात्पुरते लुळे पडतात आणि असे वारंवार झाल्यावर आकुंचन कायमचे मंदावते. मराठवाड्यात हा हिशेब आणखी अवघड होतो. आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस घेणारे पुष्कळ आहेत, वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठ तहान वाढवते. ‘दिवसभरात एवढेच पाणी प्या’ हे सांगणे सोपे. उन्हात रानातून आलेल्या माणसाने ते पाळणे सोपे नाही.

नेहमीच्या तपासण्या या व्रणांबाबत फारसे सांगत नाहीत. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन, या रुग्णांत एरवीही वाढलेले असते. हृदयाची पंपशक्ती, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, बराच काळ ‘नॉर्मल’ राहते आणि कागद पाहून घरचे निर्धास्त होतात. स्ट्रेन ही इकोचीच पुढची पायरी आहे. तीत स्नायू लांबीच्या दिशेने किती आखडतो ते मोजतात. निरोगी हृदयात हे प्रमाण उणे २० टक्क्यांच्या आसपास असते. पंपशक्ती ठीक असतानाही स्ट्रेन घटलेला असू शकतो. त्यावरून व्रण थेट दिसत नाही, पण संशय घ्यायला आधार मिळतो.

व्रण प्रत्यक्ष दाखवते ती एमआरआय. पारंपरिक पद्धतीत गॅडोलिनियम या धातूचे औषध (कॉन्ट्रास्ट) शिरेतून देऊन १० ते २० मिनिटांनी चित्रे घेतात. निरोगी स्नायूतून औषध निघून गेलेले असते, व्रणात ते रेंगाळते, म्हणून व्रण पांढरा चमकतो. २००६ मध्ये या पद्धतीने डायलिसिस रुग्णांत झटक्याचे आणि विखुरलेले असे दोन्ही नमुने नोंदवले गेले. गंमत अशी की त्याच वर्षी या औषधाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९९७ पासून काही मूत्रपिंडरुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊन सांधे आखडत असल्याचे दिसत होते. २००६ मध्ये या आजाराचा, नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिसचा, गॅडोलिनियमशी संबंध जोडला गेला आणि डायलिसिस रुग्णांना ते देणे जगभर जवळपास थांबले. पुढे कळले की दोष सर्व औषधांचा सारखा नव्हता. गॅडोडायमाइडसारख्या सैल बांधणीच्या औषधांत धोका जास्त होता. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारख्या वलयाकार रेणूंत तो अत्यंत कमी आहे. तरीही २००६ च्या त्या धसक्यामुळे आजही अनेक ठिकाणी ‘डायलिसिसचा पेशंट आहे, कॉन्ट्रास्ट नको’ असे सरसकट सांगितले जाते. औषधाचे नाव न विचारता दिलेला असा नकार आता पटण्यासारखा नाही.

औषधच नको असेल तर टी-वन मॅपिंगचा मार्ग आहे. चुंबकीय क्षेत्रात विचलित झालेला स्नायूतला हायड्रोजन मूळ स्थितीला यायला किती मिलिसेकंद घेतो, ते यात प्रत्येक बिंदूवर मोजतात. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर निरोगी स्नायूचा आकडा साधारण हजाराच्या आसपास येतो, ३ टेस्लावर तो त्याहून जास्त. यंत्रागणिक फरक पडत असल्याने प्रत्येक केंद्राला आपले सामान्य मूल्य स्वतः ठरवावे लागते. हेमोडायलिसिस रुग्णांत हा आकडा वाढलेला आढळतो आणि विखुरलेला व्रण त्यात उतरतो, असे मानले जाते.

अडचण अशी की पाण्यानेही टी-वन वाढतो. फुगलेल्या अंगाने यंत्रात गेलेल्या रुग्णाचा वाढलेला आकडा व्रणाचा की सुजेचा, हे एकट्या टी-वनवरून कळत नाही. म्हणून सोबत टी-टू मॅपिंग, म्हणजे मुख्यतः सूज दाखवणारी तशीच मोजणी, करतात आणि तपासणी डायलिसिसनंतर, अंग कोरडे असताना ठेवतात. कॉन्ट्रास्ट द्यायचे असेल तर उलट, तपासणी पुढच्या डायलिसिसच्या अगदी आधी ठेवणे सोयीचे, कारण एकाच सत्रात औषधाचा बराचसा भाग बाहेर पडतो. दोन गरजा दोन दिशांना ओढतात आणि दोन्ही एकाच तपासणीत हव्या असल्या की वेळ ठरवणे हेच मोठे काम होते. इकोलाही हे लागू आहे. अहवालावर ‘डायलिसिसच्या आधी’ की ‘नंतर’ एवढी नोंद नसेल, तर दोन अहवालांची तुलना करण्यात फारसा अर्थ उरत नाही. आणि ही नोंद बहुधा नसतेच.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली डायलिसिस मिळते आणि टूडी इकोही बऱ्याच शहरांत होते. मॅपिंगची सोय आणि ते वाचणारा तज्ज्ञ यांसाठी मात्र छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. नांदेडकडचे लोक हैदराबाद जवळचे मानतात. खर्चाइतकाच दिवसाचा प्रश्न असतो. आठवड्यातले दोन दिवस डायलिसिसमध्ये गेल्यावर तिसरा दिवस प्रवासात घालवणे मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही. यंत्रात पाऊण-एक तास उताणे पडून सांगितल्यावर श्वास रोखावा लागतो. पाणी साठलेल्याला ते जमत नाही. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, असलेल्या हाताला सुई लावायची नाही, हेही तिथे रुग्णाने स्वतःहून सांगावे.

व्रण दिसला तर पुढे काय, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. झटक्याचा नमुना दिसला तर रक्तवाहिन्यांचा शोध घेता येतो. विखुरलेल्या व्रणावर नेमका इलाज नाही. पंपशक्ती फारशी घटलेली नसलेल्या डायलिसिस रुग्णांना खबरदारी म्हणून शॉक देणारे यंत्र बसवण्याची चाचणी २०१९ मध्ये निष्फळ ठरली. व्रण रोखण्याची आशा ज्यावर होती त्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाचाही मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. डायलिसिसचे द्रावण शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा अंश गार ठेवल्याने हृदयाची झीज कमी होते, असे २०१५ च्या छोट्या चाचणीत दिसले. २०२२ च्या मोठ्या कॅनेडियन चाचणीत मृत्यू वा रुग्णालयभरती मात्र घटली नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अनेकांच्या हृदयाची जाडी कमी होते आणि टी-वनही उतरू शकतो. तो उतरतो ते कोलॅजन विरल्यामुळे की अंगातले पाणी गेल्यामुळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.