मनोविकारांवरील औषधांमुळे होणारी वजनवाढ

स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार आणि नैराश्य यांवरच्या अनेक औषधांचा हा ठळक दुष्परिणाम आहे. बोलण्यात ‘गोळ्यांनी अंग सुटलं’ असे म्हणतात. रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतात त्यामागे हे एक नेहमीचे कारण असते, आणि गोळ्या सुटल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. गंभीर मनोविकार असलेल्यांचे आयुष्य सरासरी १० ते २० वर्षांनी कमी भरते. त्यात हृदयविकार आणि मधुमेहाचा वाटा मोठा आहे.

सगळी औषधे सारखी नाहीत. वजन वाढवण्यात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची ओलांझापिन व क्लोझापिन सर्वांत पुढे. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन मध्यम. अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन बरीच सौम्य. नैराश्यावरील मिर्टाझापिन व अमिट्रिप्टिलिन, तसेच बायपोलर विकारावरील लिथियम आणि व्हॅलप्रोएट यांनीही वजन वाढते.

ओलांझापिनसारखी औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनांच्या काही ग्राहींना (ती जिथे चिकटतात त्या पेशींवरील जागांना) अडवतात, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव मंदावते. रात्रीचे जेवण होऊन गोळी घेतल्यावर तासाभरात माणूस पुन्हा डबे उघडतो. फरसाण, बिस्किटे, उरलेली पोळी, जे हाती लागेल ते. घरच्यांना हा हावरटपणा वाटतो आणि टोमणे सुरू होतात. त्यात सकाळी गोळीची गुंगी असते, त्यामुळे ‘जरा चालून ये’ हा सल्ला ऐकायलाच सोपा. लिथियमची तऱ्हा वेगळी: त्याने तहान लागते, आणि ती पाण्याऐवजी गोड चहा-सरबतावर भागवली तर साखर पोटात जाते. लिथियमने थायरॉइड मंदावूनही वजन वाढू शकते, म्हणून ती तपासणी ठरावीक काळाने करतात.

वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते पहिल्या काही महिन्यांत. लक्ष तेव्हाच हवे. प्रत्यक्षात ते कपडे घट्ट झाल्यावर जाते. अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये एक वेळापत्रक सुचवले: उपचाराच्या सुरुवातीला वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि चरबीची तपासणी, मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी वजन, पुढे दर तीन महिन्यांनी. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो, झाली तर औषध बदलण्याचा विचार करावा. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात.

औषध बदलणे मात्र सरळ नाही. नव्या गोळीवर आजार डोके वर काढू शकतो. क्लोझापिन तर इतर औषधे हरल्यावरच देतात, त्यामुळे त्याला पर्याय क्वचितच असतो. अशा वेळी मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील गोळी जोडतात. त्याने सरासरी सुमारे ३ किलोंचा फरक पडतो. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी रुग्णांत ते आधीच कमी असण्याचा संभव असतो. लिराग्लुटाइडसारख्या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांनीही वजन उतरते, पण खर्च आडवा येतो.

आहार-व्यायामाचा उपयोग होतो, पण नुसत्या उपदेशाने नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रांतच गटाने व्यायाम आणि आहाराचे मार्गदर्शन दिले गेले. १८ महिन्यांनी या गटाचे वजन असा कार्यक्रम न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३.२ किलोंनी अधिक घटले होते. घरी याची सुरुवात संध्याकाळपासून करावी: डब्यांत फरसाणाऐवजी काकडी, फुटाणे, ताक, आणि चालायला कोणीतरी सोबत.

लिथियम घेणाऱ्यांनी झटपट वजन उतरवण्याच्या नादी लागू नये. निर्जळी उपवास, एकदम मीठ तोडणे किंवा पाणी उतरवणाऱ्या गोळ्या यांनी लिथियमची रक्तातील पातळी चढते. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून लिथियमची पातळी तपासून घ्यावी.