सॅरासोटा खाडीतील बॉटलनोज डॉल्फिन

फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅरासोटा ही उथळ खाडी. तिथे दीडशेहून अधिक बॉटलनोज डॉल्फिन बारमाही राहतात. १९७० साली संशोधक ब्लेअर अर्व्हाइन आणि तेव्हा शाळेत शिकणारे रॅन्डल वेल्स यांनी सुरू केलेला या डॉल्फिनांचा अभ्यास अजून चालू आहे. जंगली डॉल्फिनांवर एवढे सलग काम दुसरीकडे कुठे झालेले नाही. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचांवरून प्रत्येक डॉल्फिन ओळखता येतो. निक्लो नावाची मादी तर ६७ वर्षे जगल्याची नोंद आहे.

गर्भारपण १२ महिन्यांचे असते. पिल्लू पुढे ३ ते ६ वर्षे आईला धरून राहते आणि शिकार तिच्याकडूनच शिकते. वाईट सवयीही तशाच उतरतात, म्हणून माणसांनी डॉल्फिनांना खाऊ घालण्याचा धोका एका प्राण्यापुरता राहत नाही. बोटीवरून फेकलेल्या मासळीला चटावलेला डॉल्फिन बोटींजवळ घुटमळतो, पंख्याने जखमी होतो, गळाला लागलेली मासळी ओढतो आणि गळ व तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गिळतो. तंगूस जिभेला किंवा घशाला आवळला की खाणे बंद पडते. ‘बेगर’ या नराचे निरीक्षण २०११ मध्ये १०० तास केले, तेव्हा त्याची माणसांशी सुमारे ३,६०० वेळा गाठ पडली आणि त्याला खाऊ घालण्याचे १६९ प्रयत्न झाले. २०१२ मध्ये तो मेलेला सापडला. पोटात गळ, तंगूस आणि माकुळाच्या (स्क्विडच्या) चोची होत्या. माकूळ हे इथल्या डॉल्फिनांचे अन्नच नव्हे, ते आमिषातून आलेले.

२००५-०६ च्या लाल भरतीत, म्हणजे पाण्यात विषारी शैवाल माजले तेव्हा, खाडीतील मासळी मेली. त्यानंतर उपाशी डॉल्फिन गळवाल्यांच्या आमिषाकडे जास्त वळले.

अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली डॉल्फिनांना खाऊ घालणे गुन्हा आहे. बोट ४५ मीटरांहून जवळ नेऊ नये. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्यांच्यासोबत राहू नये. डॉल्फिन स्वतःहून जवळ आले, तर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे. या खाडीत दिवसा सरासरी दर ६ मिनिटांनी एखादी बोट डॉल्फिनच्या १०० मीटर परिसरातून जाते, तेव्हा एकट्या बोटीचा उपद्रव किरकोळ धरून चालत नाही. कोकणात पर्यटकांना दिसणारे किनाऱ्यालगतचे डॉल्फिन बहुतेक हंपबॅक जातीचे. त्यांच्याभोवती बोटींचा वेढा पडतो, तिथेही हेच अंतर पाळायला हवे.

गळ टाकणाऱ्याने डॉल्फिन दिसताच दोरी गुंडाळून थांबावे, ते जाईनात तर जागा बदलावी. उरलेले आमिष पाण्यात फेकू नये. नको असलेली मासळी डॉल्फिनांसमोर सोडू नये. गळ गंजणाऱ्या धातूचा घ्यावा, म्हणजे अडकलाच तर लवकर झिजून पडतो.

किनाऱ्याला लागलेला जिवंत डॉल्फिन पुन्हा समुद्रात ढकलू नये. तो बहुधा आजारी असतो आणि परत वाहून येतो. बचाव पथकाला कळवावे. तोवर त्याला पोटावर ठेवावे, श्वासरंध्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नये, कातडी ओली राखावी, सावली करावी. शेपटीला धरून मात्र कधीही ओढू नये.