पीसी हँग होण्याची वेळ लिहून ठेवा

दहा-बारा वर्षं इमानेइतबारे चाललेला डेस्कटॉप हँग व्हायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. जुन्या मशीनच्या बाबतीत हा सल्ला मला घातक वाटतो. हार्ड डिस्क मरणपंथाला लागलेली असेल, तर नवं विंडोज टाकताना तिच्यावर हजारो फाइली नव्यानं लिहिल्या जातात आणि वाचवता आले असते ते फोटोही जातात. रॅम बिघडलेली असेल, तर नवं विंडोज त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर उतरतं, म्हणजे मुळातच चुका घेऊन येतं. त्याआधी एक फुकटचं काम करावं. मशीन कधी हँग होतं आणि हँग होताना काय दिसतं, हे आठवडाभर कागदावर लिहून ठेवावं. अर्धं निदान त्या कागदावरच होतं.

पडदा गोठला की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरची नम लॉक दाबून बघा. तिचा दिवा लावणं-विझवणं हे काम ऑपरेटिंग सिस्टिमचं असतं. दिवा बदलला, तर सिस्टिमचा गाभा जिवंत आहे आणि तो कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. तो कोणी बहुधा हार्ड डिस्क असते. दिवा ढिम्म असेल, माउसचा बाणही अडकला असेल आणि स्पीकरमधून गाण्याचा एकच तुकडा टर्रर्र करत राहिला असेल, तर प्रोसेसरच जागच्या जागी थांबलाय. साउंड कार्ड आपल्यासाठी मेमरीत भरून ठेवलेला आवाज स्वतःच वाचत असतं. त्यात नवा आवाज भरायला प्रोसेसर आला नाही, की ते जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतं. अशा वेळी संशय रॅम, मदरबोर्ड आणि एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, वळतो.

डिस्कचा बिघाड त्यातल्या त्यात ओळखायला सोपा. बाण हलतो, क्लिक मात्र घेतलं जात नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटून राहतो आणि मिनिटभरानं सगळं पुन्हा सुरू होतं. चकतीवरची एखादी जागा वाचता येत नसली की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती उघडा आणि ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या ओळी बघा. पाचव्या ओळीत निकामी ठरवून बदललेल्या जागा मोजलेल्या असतात, १९७ मध्ये संशयित जागा, १९८ मध्ये वाचताच न आलेल्या जागा. १९९ ची ओळ वाढत असेल तर खुशाल डेटा केबल बदला, कारण त्या चुका बहुतेकदा वायरीतल्या असतात.

स्मार्टची नोंद स्वच्छ आहे म्हणून डिस्कवर विश्वास मात्र टाकू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या मोजण्यांपैकी एकीतही आधी काहीच दिसलं नव्हतं. उलट, तपासणीत पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट होती. त्यामुळे ५, १९७ किंवा १९८ च्या ओळीत शून्याहून मोठा आकडा दिसला की डेटा त्याच दिवशी दुसरीकडे घ्यायचा.

डिस्क निर्दोष सुटते की नाही हे पक्कं करायला एक छान चाचणी आहे. डिस्कची केबल काढून ठेवायची आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची. त्यावरही मशीन गोठलं, तर डिस्क आणि विंडोज दोन्ही निर्दोष.

मग रॅम. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभाराचा एक अतिसूक्ष्म साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलीसेकंदांच्या आत सगळी रॅम एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर ही मुदत निम्मी, म्हणजे ३२ मिलीसेकंद करावी लागते. एखादी कमकुवत पेशी तेवढाही वेळ तग धरू शकली नाही, तर १ चा ० होतो. तो बिट फोटोत असेल तर एका ठिपक्याचा रंग बदलतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच विंडोजच्या गाभ्यात असेल तर मशीन जागीच थांबतं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. चुकांचा आकडा शून्यच हवा, एखादी चूक चालेल असं इथे नसतं. चूक दिसली तर एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून बघा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी वाईट, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो आणि पट्टी काढून परत बसवल्यावरच मशीन सुधारल्याचा अनुभव येतो. दात पुसायला खोडरबर वापरायची पद्धत आहे, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा.

आता कागदावरची वेळ बघा. सकाळी छान, दुपारी हँग, असं असेल तर उष्णता. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. पंख्यात धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) यांमुळे ही वाढ ५० अंश झाली असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४२ ला गेली की तोच ९२ वर. इंटेलच्या बहुतेक कोअर-आय मालिकांमध्ये मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि अगदीच झालं तर मशीन बंद करतो. म्हणून नुसतं गोठणाऱ्या मशीनमध्ये उष्णतेला जरा जास्तच दोष दिला जातो, असं माझं मत आहे.

नेमकं उलटं लक्षण जास्त बोलकं आहे. थंडीतल्या सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, किंवा विंडोज सुरू होता होता गोठतं. दोन-तीनदा बंद-चालू केलं की मशीन सुरू होतं आणि मग दिवसभर त्रास देत नाही. हे म्हाताऱ्या कॅपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या भागाचं, लक्षण.

६५ वॉटचा प्रोसेसर साधारण १.२ व्होल्टवर चालतो, म्हणजे पूर्ण जोरात तो पन्नासहून जास्त अँपिअर ओढतो. ही मागणी क्षणार्धात वरखाली होते, आणि १२ व्होल्टचे १.२ करणारं सर्किट तेवढ्या झटपट हलू शकत नाही. मधल्या क्षणाची भूक प्रोसेसरभोवती उभे असलेले कॅपॅसिटर भागवतात. गच्चीवरची टाकी असल्यामुळे सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले तरी धार टिकते, तसंच हे.

या कॅपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. बुडाशी रबरी बूच. त्या बुचातून द्रव वाफ होऊन वर्षानुवर्षं कणाकणानं बाहेर पडतो. साठा कमी होतो आणि अंतर्गत रोध वाढतो. थंडीत द्रवाचा रोध आणखी वाढतो, म्हणून सकाळचा त्रास. मग मागणीच्या क्षणी व्होल्टेज खाली डगमगतं, काही ट्रान्झिस्टर वेळेत बदलत नाहीत आणि चुकीचा बिट पुढे जातो.

आयुष्याचं गणितही करता येतं. नेहमीच्या कॅपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास अशी हमी असते, आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. कॅपॅसिटर ६५ अंशांवर राहत असेल तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज आठ तासांच्या हिशेबानं जवळजवळ अकरा वर्षं. जुन्या मशीनचं दुखणं नेमक्या याच वयात का सुरू होतं, ते इथे कळतं.

काहींना तेवढंही आयुष्य मिळालं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर पोचले. आत हायड्रोजन वायू साठून ते फुगले, काही फुटले. डेल कंपनीनं २००५ मध्ये अशा ऑप्टिप्लेक्स मशीनच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. या कॅपॅसिटरच्या डोक्यावर अधिकचिन्हासारखी किंवा के अक्षरासारखी खाच असते, वायू सुटायला. टॉर्च आडवा धरून बघा. डोकं सपाट हवं. घुमटासारखं वर आलं असेल किंवा खाचेत तपकिरी खरपुडी दिसली, तर आरोपी सापडला. सुटा भाग पाच-दहा रुपयांचा असतो. कमी अंतर्गत रोधाचा, किमान तेवढ्याच व्होल्टेजचा भाग आणून सोल्डरिंग येणारा कारागीर तो बदलून देतो.

एसएमपीएसमध्येही हेच कॅपॅसिटर असतात. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर मल्टिमीटरनं ११.४ ते १२.६ च्या आत आकडा यायला हवा. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. क्षणाचे खड्डे त्याला दिसत नाहीत, म्हणून १२.० दिसलं तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं हीच खरी चाचणी. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून एसएमपीएस बदलू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते आणि तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी ती येते. एसएमपीएसचा डबा घरी उघडायचाही नाही. २३० व्होल्टचं रूपांतर होऊन आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

अलीकडच्या मदरबोर्डांवर प्रोसेसरभोवती घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात. त्यांच्या सपाट डोक्यावर खाच नसते, आत द्रव नसतो, त्यामुळे ते सहसा फुगत नाहीत आणि टिकतातही जास्त. पण बिघडले तर डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे अंतर्गत रोध मोजणारा ईएसआर मीटर लागतो, आणि बोर्डावर अनेक कॅपॅसिटर समांतर जोडलेले असल्यामुळे संशयित भाग सुटा करूनच मोजावा लागतो.