वसईचा किल्ला

पालघर जिल्ह्यात, उल्हास नदीच्या मुखाशी असलेला भग्न सागरी भुईकोट. क्षेत्र सुमारे ११० एकर. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. आतल्या बालेकिल्ल्यापासून सुरुवात करून त्यांनी पुढे तटाच्या आत अख्खे शहर वसवले. चर्च, मठ, रुग्णालय, न्यायालय, श्रीमंतांचे वाडे असा त्याचा पसारा होता. १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले, पुढे संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

मराठ्यांची वसई मोहीम १७३७ ला सुरू झाली. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, म्हणून खरा हल्ला उत्तरेच्या जमिनीकडूनच करता येत होता. चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोर्चे पुढे सरकवत तटाखाली सुरुंग नेले. काही अवेळी उडून आपलीच माणसे गेली. अखेर सॅन सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले, हे या विजयाइतकेच लक्षात ठेवावे. इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतलीच. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच, १८०२ च्या अखेरच्या दिवशी. इंग्रजी अमलात किल्ल्याचे महत्त्व संपले, आत ऊस लावून साखरेचा कारखानाही काढला गेला.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. फ्रान्सिस्कन चर्चला छप्पर उरलेले नाही, पण जमिनीतल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरे अजून लागतात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढते आणि चालणाऱ्यांच्या पायांनी ती झिजतात. त्यांवरून चालू नये. खरा शत्रू मात्र वड-पिंपळ. पक्ष्याने टाकलेले बी सांध्यात रुजते, मूळ चुना फोडत खोल जाते. नुसते रोप उपटले तर मूळ आतच राहून पुन्हा फुटते, मूळही ओढून काढले तर दगडच निखळतो. डागडुजी चुन्यानेच हवी. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कडक असते, भिंतीतली ओल आणि खार बाहेर पडू देत नाही. मग दगडच पोपडे धरतो. स्थानिक दुर्गप्रेमी सुट्टीच्या दिवशी झाडोरा काढतात, कचरा वेचतात. किल्ल्यात नागेश्वराची पूजा चालते, जेझुइट चर्चच्या भग्न वास्तूत गार्सियांचा सण होतो आणि किल्लाबंदरच्या कोळणी मासळी वाळवतात.